फोन लागतो, पण वाजतो का? इंटरनेट कॉलसाठी घेतलेल्या फोनचा काही महिन्यांचा अनुभव

इंटरनेटवरून फोन लावायला कुठलाही स्मार्टफोन चालतो. खरा कस लागतो तो फोन येताना. समोरच्याला रिंग ऐकू जातेय, आपला फोन टेबलावर ढिम्म पडलाय, आणि तासाभराने स्क्रीन उघडली की मिस्ड कॉलची रांग एकदम दिसते. हा प्रकार ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांना पुढचं सगळं पटेल. गेले काही महिने माझं परदेशातलं जवळजवळ सगळं बोलणं इंटरनेटवरून चाललंय आणि नवा फोनही मी त्याच कामासाठी घेतला. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण मॉडेलं वर्षभरात बदलतात. काय बघायचं ते मात्र बदलत नाही.

आधी माझी गरज सांगते. ताई एका देशात, काका-काकू दुसऱ्याच. ताईकडे स्मार्टफोन आहे, त्यामुळे तिच्याशी ॲपवरून ॲपवर बोलता येतं. डेटा सोडला तर खर्च शून्य. काकांकडे फक्त लँडलाइन, आणि ती बदलायचा त्यांचा विचार नाही. त्यांच्यासाठी आधी पैसे भरून थेट नंबरवर कॉल करू देणारी सेवा लागते. पुष्कळ वर्षं लोक हे काम स्काइपवरून करत. 2003 साली आलेलं स्काइप 5 मे 2025 ला बंद झालं, त्यामुळे आता वेगवेगळ्या सेवांचे दर शोधत बसणं आलं. तर माझ्या फोनमध्ये एक फुकट बोलायचं ॲप, एक पैसे भरून बोलायचं ॲप आणि सिमकार्डाचं नेहमीचं कॉलिंग, असं तिन्ही आहे.

आता त्या न वाजणाऱ्या फोनबद्दल. नवा फोन आल्यावर पहिल्याच आठवड्यात ताई वैतागली. "अगं, तू फोन का उचलत नाहीस? इकडे व्यवस्थित रिंग वाजतेय." इकडे काहीच वाजत नव्हतं. याचं कारण नेटवर्कमध्ये नसून बॅटरी वाचवायच्या व्यवस्थेत होतं. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून फोन चार्जरला लावलेला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो काही वेळ हलला नसेल, तर मागे चालू असलेल्या ॲप्सचं इंटरनेट तो मधूनमधूनच उघडतो. खरं तर तातडीच्या सूचनेला यात वाट ठेवलेली आहे, आणि कॉलची सूचना त्याच वाटेने यायला हवी. पण काही फोन कंपन्या यावर आपला जादा काटकसरीचा थर चढवतात आणि बरेच दिवस न उघडलेलं ॲप सरळ झोपवून टाकतात. पैसे भरून बोलायचं ॲप आपण रोज कुठे उघडतो? मग तेच आधी झोपतं.

माझ्या फोनमध्ये हे तीन वेगवेगळ्या जागी बंद करावं लागलं. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीवरचं बंधन काढणं, ॲप आपोआप सुरू व्हायला परवानगी देणं, आणि लॉक स्क्रीनवर पूर्ण स्क्रीनभर सूचना दाखवायला परवानगी देणं. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती नसेल तर कॉल येतो खरा, पण वरच्या पट्टीत एका मेसेजसारखा, 'टिंग' करून. आयफोनमध्ये ही कटकट कमी आहे, कारण 2016 च्या आयओएस 10 पासून ॲपचा कॉलही साध्या कॉलसारखाच पूर्ण स्क्रीनवर येऊ शकतो. तरी ॲप बनवणाऱ्याने ती सोय नीट वापरलेली असावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा, की फोन परत करायची मुदत संपायच्या आत एक परीक्षा घ्या. रात्री फोन चार्जरला न लावता टेबलावर ठेवा, आणि सकाळी तुम्ही त्याला हात लावायच्या आधी कोणाला तरी ॲपवरून कॉल करायला सांगा. वाजला तर ठेवा. सेटिंग बदलूनही वाजला नाही तर बाकी फोन कितीही सुंदर असो, या कामाचा नाही. रॅम जेवढी कमी तेवढा फोन ॲप्सना लवकर बाहेर काढतो, त्यामुळे अगदी तळाच्या फोनांत हा त्रास जास्त. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजण्यापेक्षा रॅमला दोन पैसे जास्त घातलेले बरे.

आवाजाबद्दल. साध्या जुन्या फोन कॉलमध्ये 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो. म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' सारखेच ऐकू येतात आणि नावं स्पेलिंग करून सांगावी लागतात. ॲपवरून ॲपवर बोलताना बहुतेक ठिकाणी ओपस नावाची पद्धत वापरतात. ती 2012 मध्ये प्रमाणित झाली, आणि ती सेकंदाला 6 किलोबिटपासून 510 किलोबिटपर्यंत, म्हणजे नेट जसं असेल तशी, आवाज आवळते किंवा सैल सोडते. ताईचा आवाज मला आता साध्या कॉलपेक्षा कितीतरी स्वच्छ येतो. काकांचा येत नाही. कॉल शेवटी त्यांच्या लँडलाइनवर उतरतो आणि तिथे तो पुन्हा त्याच अरुंद पट्ट्यात कोंबला जातो. महागडं ॲप घेऊनही हे सुधारत नाही, तेव्हा त्यापायी पैसे घालवू नका.

पण माझा आवाज ताईला कसा जातो, हे माझ्या फोनवर अवलंबून आहे. एका संध्याकाळी ती म्हणाली, "तू विहिरीतून बोलतेयस का?" फोन तोच, नेट तेच, त्या दिवशी फक्त कव्हर नवं होतं. बऱ्याच फोनांना खालच्या मायक्रोफोनखेरीज वरच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं आणखी एक भोक असतं. तो दुसरा मायक्रोफोन आजूबाजूचा गलका टिपतो आणि फोन तो गलका आपल्या आवाजातून वजा करतो. जाड कव्हरने ते भोक झाकलं की वजाबाकी चुकते आणि आपलाच आवाज कापला जातो. कव्हर काढून ताईला पुन्हा फोन लावला, आवाज जागेवर. आता कव्हर घेताना मी ते भोक आधी बघते. बरीचशी ॲप्स आपला आवाज रेकॉर्ड करून परत ऐकवणारा चाचणी कॉल देतात. नवं काहीही जोडलं की तो एकदा लावून बघावा.

इयरफोनचंही तसंच. ब्लूटूथवर गाणी झकास वाजतात, पण मायक्रोफोन सुरू झाला की बहुतेक जुने संच कॉलच्या वेगळ्या पद्धतीवर जातात आणि आवाज एकदम उतरतो. शिवाय बोलण्यात थोडा उशीर मिळवला जातो तो निराळाच. लांबलचक गप्पांना मी तारेचा इयरफोन लावते, आणि त्यासाठी भोक असलेला फोन मुद्दाम शोधला. जुनाट म्हणा हवं तर.

उशीर या विषयावर जरा थांबायला हवं, कारण दोष नेहमी अंतरावर ढकलला जातो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे 10 हजार किलोमीटरला तेवढ्यापुरता 50 मिलिसेकंद वेळ लागतो. एका बाजूने दुसरीकडे आवाज पोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंत लागले तर सहसा संभाषणाला त्रास होत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. तेव्हा दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलतानाही गाडी या हद्दीत राहू शकते. बिघडतं ते बहुतेक वेळा आपल्याच घरात. आमच्याकडे रात्री ठरावीक वेळी ताईला माझा आवाज तुटून जायचा, तिचा मला मात्र स्वच्छ यायचा. त्या वेळी माझा फोन चार्जरला असायचा आणि वाय-फायवर दिवसभराचे फोटो ऑनलाइन साठवत असायचा. वर चढणारी वाट, म्हणजे अपलोड, फोटोंनी भरली की आवाजाची पाकिटं, म्हणजे नेटवरून जाणारे आवाजाचे छोटे तुकडे, मागे अडकतात. फोटो साठवण्याची वेळ बदलली आणि बोलताना राउटरचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा धरला, तेव्हापासून तक्रार नाही. फक्त भिंती दोन-तीन असतील तर 5 गिगाहर्ट्झ लंगडतो, मग राउटरच्या खोलीत जाऊन बोलावं.

डेटाची भीती बाळगू नये. आवाज साधारण 20-20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला 50 पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटावर पत्त्याचे 40 बाइट. नुसते पत्तेच सेकंदाला 16 किलोबिट खातात. आवाज 24 किलोबिटचा धरला तर एकूण 40 किलोबिट एका बाजूला, आणि दोन्ही बाजू मिळून तासाला 36 मेगाबाइटच्या आसपास. व्हिडिओ सुरू केलात की हे गणित संपलं.

पैशांचं गणित मात्र बारकाईने बघावं. ॲपवरून नंबरवर कॉल जातो तेव्हा पलीकडची टेलिफोन कंपनी तो कॉल उतरवून घेण्याचे पैसे मागते. म्हणून दर देशागणिक बदलतो, आणि एकाच देशात लँडलाइन व मोबाइलचे दर वेगळे असतात. जाहिरातीतला मोठ्या अक्षरातला दर बहुधा लँडलाइनचा. मोबाइल लावलात तर तो कितीतरी पट असू शकतो. दुसरं म्हणजे हिशोब मिनिटाने की सेकंदाने? मिनिटाने असेल तर 61 सेकंदांचे दोन मिनिटांचे पैसे जातात. मी लावते त्यातले निम्मे कॉल "पोचलात का? बरं, ठेवते" एवढेच असतात, तेव्हा सेकंदाने मोजणारी सेवा किंचित महाग दिसली तरी मला स्वस्त पडते. तिसरं, कॉल जोडला की लागणारी वेगळी रक्कम. आणि चौथं, भरलेला बॅलन्स किती दिवसांनी वाया जातो. माझ्या आधीच्या एका सेवेत काही महिने कॉल केला नाही म्हणून उरलेला बॅलन्स गोठवला गेला. अटींमध्ये ते लिहिलेलं होतं, पण कुठे, तर शेवटून दुसऱ्या पानावर. आता लहान रकमाच भरते.

काकांनी सुरुवातीला फोन उचललाच नाही, कारण त्यांच्या यंत्रावर भलताच नंबर उमटत होता. चांगल्या सेवांमध्ये मेसेजने खात्री करून आपला खरा नंबर दाखवता येतो. ते पहिल्याच दिवशी करून टाका. तरीसुद्धा काही देशांत पोचेपर्यंत नंबर बदलतो किंवा गायब होतो. मग काकांना सांगून ठेवलं, "काका, रविवारी सकाळी कुठलाही नंबर दिसला तरी उचला, मीच असेन." ते अजूनही आधी खाकरून, सावध आवाजात "कोण?" विचारतात.

कार्यालयांना फोन करताना 'एक दाबा, दोन दाबा' हाही एक घोळ. आवळलेल्या आवाजात बटणांचे सूर विस्कटतात आणि पलीकडच्या यंत्राला कळत नाहीत. ॲपमध्ये बटणांचे आकडे आवाजापासून वेगळे पाठवण्याचं सेटिंग असतं, ते चालू केल्यावर माझं काम झालं. ते सेटिंग नसलेलं ॲप मी काढून टाकलं.

सिमकार्डाचं वाय-फाय कॉलिंग ही यापेक्षा निराळी चीज आहे, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. त्यात कॉल आपल्याच नंबरावरून, आपल्याच मोबाइल कंपनीतर्फे जातो, फक्त टॉवरऐवजी वाय-फायने. घरात रेंज नसेल तर वरदान. पण परदेशी नंबर लावलात तर कंपनीचा नेहमीचा आंतरराष्ट्रीय दरच लागू शकतो, वाय-फायवर आहे म्हणून स्वस्त होईल असं गृहीत धरू नका. प्रवासात असाल तर तो कॉल घरचा धरतात की रोमिंगचा, हे कंपनीकडून आधी विचारून घ्या. फोन घेताना तुमच्या सिमच्या कंपनीबरोबर त्या नेमक्या मॉडेलवर ही सोय चालते का, हेही बघा. बाहेरून आणलेल्या फोनांत ती पुष्कळदा मिळत नाही. 4जीवरच्या कॉलिंगचंही तसंच, आणि तिथे दुर्लक्ष महागात पडतं. अनेक देशांत 3जी बंद झालंय. 2जीही नसेल, तर 4जीवर कॉल न करू शकणाऱ्या फोनमध्ये नेट चालेल पण साधा कॉल लागणार नाही.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. ॲप जागं ठेवल्यामुळे थोडी जास्त उतरते, दिवस निघतो. अपडेट किती वर्षं मिळणार हे मात्र घेण्याआधी बघितलं होतं. गूगलने 2023 च्या पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 च्या गॅलॅक्सी एस24 ला सात वर्षांचं आश्वासन दिलंय. स्वस्त फोनांत ते बरंच कमी असतं. कॉलिंगची ॲप्स जुन्या आवृत्त्यांना हळूहळू सोडून देतात, म्हणून ही वर्षं थेट कामाची.

एवढं सगळं असून सिमचा रिचार्ज मी बंद केलेला नाही. बँकेचे ओटीपी इंटरनेटच्या नंबरवर बहुतेक वेळा येत नाहीत, आणि आणीबाणीचा नंबर या ॲप्समधून लागेल याची खात्री धरता येत नाही. लागला तरी तुम्ही कुठे आहात हे पलीकडे कळेलच असं नाही. त्यामुळे सर्वात लहान प्लॅन चालू ठेवलाय, आणि घरातल्यांच्या फोनमध्येही ॲप टाकून दिलं तेव्हा तेवढं बजावून सांगितलं.