टेफ्लॉन टेप की ताग? आट्यांच्या सांध्यासाठी काय निवडावं

पितळी किंवा जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) आट्यांवर काय गुंडाळायचं, असं विचारलं की आज बहुतेक जण टेफ्लॉन टेप म्हणतात. तागाचे तंतू आणि त्यावर सफेदा, म्हणजे पांढरी पेस्ट, ही जुनी पद्धत झाली, पसारा फार, असं त्याबरोबर ऐकवलंही जातं. घरातली दुरुस्ती मी स्वतः करतो आणि दोन्ही वापरून झालंय. टेप वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. तरी धातूच्या आट्यांवर माझा हात आता तागाकडे जातो. त्यामागे एकच कारण आहे, आणि निवड करण्याआधी ते तुम्हाला माहीत असावं असं वाटतं.

सांधा नुसता घट्ट बसून भागत नाही, तो योग्य दिशेला तोंड करून थांबावा लागतो. नळाची चोच खाली यायला हवी, एल्बोचं (कोपऱ्यावर वळणाऱ्या जोडाचं) तोंड पुढच्या पाइपाकडे. हे सगळ्यात जाणवतं ते वॉल मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ, बसवताना. त्याचे दोन वाकडे पाय भिंतीत फिरवून फिरवूनच दोन्हींमधलं अंतर आणि पातळी जुळवावी लागते. एक थोडा पुढे, दुसरा किंचित मागे, मग पुन्हा पहिला. या कामात मागे फिरवणं टळत नाही, आणि टेपला नेमकं तेच चालत नाही.

अर्ध्या इंची बीएसपी (पाइपांच्या ब्रिटिश मापाच्या) आट्यात एका इंचात १४ फेरे असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवला की फिटिंग सुमारे १.८ मिलिमीटर आत जातं. पाव फेरा मागे घेतला तर ते जेमतेम अर्धा मिलिमीटर बाहेर येतं. डोळ्यांना काही फरक दिसत नाही, पण टेपचं काम तिथेच बिघडतं. टेफ्लॉन कशालाच चिकटत नाही, उलट आटे निसरडे करतं. घट्ट करताना ती पातळ फीत आट्यांच्या फटीत दाबली जाते, फाटते आणि जिथे जागा मिळेल तिथे बसते. एकदा दबली की ती पुन्हा फुगून वर येत नाही. मागे फिरवल्यावर आट्यांच्या वळणावळणाने एक बारीक वाट मोकळी होते आणि पाणी ती हमखास शोधतं. मग सांधा पूर्ण खोलायचा, चिंध्या झालेली टेप आट्यांतून खरवडून काढायची, नवीन गुंडाळायची आणि पुन्हा तीच दिशा जुळवायची. मिक्सरचा एक पाय जुळला, तर तोवर दुसऱ्याची वेळ आलेली असते. माझी निवड ठरली ती या एका कटकटीमुळे.

ताग इथे वेगळा वागतो. तंतू पाण्याने फुगतात आणि फुगून फट भरतात. त्यामुळे दिशा जुळवण्यासाठी थोडं मागे घेतलं, म्हणजे एक अष्टमांश फेऱ्यापर्यंत, तर माझ्या अनुभवात सांधा कोरडाच राहतो. यापेक्षा जास्त मागे घेऊ नका, त्याची खात्री मी देणार नाही. पाणी सोडल्यावर सुरुवातीला एखादा थेंब डोकावला तरी काही वेळाने बहुतेकदा आपोआप थांबतो. टेपच्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं, तर ते आपोआप थांबेल या आशेवर मी राहत नाही.

अर्थात तागाला हाताची सवय लागते. आटे गुळगुळीत किंवा क्रोम केलेले असतील तर तंतू त्यावरून घसरतात आणि फिरवताना सगळा गुंता मागे जमा होतो. म्हणून हॅक्सॉ ब्लेडच्या दातांनी आटे आडवे खरवडून थोडे खडबडीत करायचे. काही फिटिंगवर कारखान्यातूनच अशा बारीक खाचा पाडलेल्या येतात. मला तशी मिळाली तर मी दुसरीकडे बघत नाही. तंतूंची बट पातळ घ्यायची आणि आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, टोकाशी कमी, मागच्या बाजूला थोडी जास्त. टोकाचा पहिला आटा उघडा ठेवायचा, नाहीतर तुटलेला तंतू पाण्याबरोबर वाहत जाऊन नळाच्या जाळीत किंवा मिक्सरच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आतल्या पाणी सोडणाऱ्या भागात, अडकतो. टेपचे तुकडेही असेच अडकतात, त्यामुळे तिथेही हा नियम लागू आहे. वरून पेस्टचा हात फिरवायचा. ही पेस्ट फक्त चिकटपणासाठी नसते, तंतू कुजू नयेत म्हणूनही असते.

पेस्टबद्दल मात्र मी आग्रही आहे. जुना सफेदा शिशाचा असे, आणि शिसं विषारी आहे. कुठला तरी जुना डबा घरात पडला असेल तर तो पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर वापरू नका. पिण्याच्या पाण्यासाठी चालते असं डब्यावर स्पष्ट लिहिलेली, शिसं नसलेली पेस्टच घ्या.

आता टेपच्या बाजूने. प्लास्टिकच्या आट्यांवर निवडीचा प्रश्नच येत नाही, तिथे टेपच घ्या. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये ताग भरला तर तो फुगून सॉकेट आतून तडकवू शकतो. पातळ पितळी नटही जास्त तागाने फुटतात. टेपमध्येही धोका आहे, पण वेगळा: आटे इतके निसरडे होतात की हाताला विरोधच जाणवत नाही आणि पाना गरजेपेक्षा पुढे जातो. त्यामुळे प्लास्टिकवर आधी हाताने घट्ट करून मग पान्याने थोडंसंच. शॉवरचं डोकं किंवा पाइपाचं तोंड बंद करणारी टोपी यांसारख्या, दिशेचा प्रश्न नसलेल्या सांध्यांवर टेप स्वच्छ आणि झटपट आहे, तिथे ताग काढत बसायची गरज नाही. एखादी लाइन महिनोन्महिने कोरडी राहणार असेल तरी टेप बरी. ताग सुकून आकसतो आणि पाणी पुन्हा सुरू केल्यावर आधी थोडा गळून मग फुगतो.

टेप घ्यायची तर अंगठ्याखाली जाड आणि घट्ट लागणारी घ्या. साधी पातळ टेप ०.०७५ मिलिमीटरची असते. ती दोन वेढ्यांत भागवली की सांधा पुढे त्रास देतो. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळायची.

मधला एक पर्यायही आहे: लेप दिलेला नायलॉनचा सीलिंग धागा. छोट्या डबीत येतो, सुकायची वाट बघावी लागत नाही आणि बसवल्यानंतर थोडं मागे-पुढे फिरवणंही सहन करतो. तागाचा पसारा नको आणि मिक्सरही सरळ हवा असेल, तर हा घ्या असं मी निःसंकोच सांगेन. आट्यांत भरून घट्ट होणारे द्रव सीलंट धातूवर पक्के बसतात, पण पुढे सांधा खोलायचा तर अनेकदा तापवावा लागतो. भिंतीतल्या टाइल्सजवळ मला ते नको वाटतं.

यातलं काहीच लागत नाही अशी जागाही असते, आणि तिथेच टेप सर्वांत जास्त वाया जाते. फ्लेक्सिबल कनेक्शनच्या नटात किंवा युनियनमध्ये (दोन पाइप जोडणाऱ्या, खोलता येणाऱ्या जोडात) पाणी वायसर अडवतो, आटे फक्त दाब देतात. तिथे टेप गुंडाळल्याने नट पूर्ण बसत नाही आणि गळती वाढू शकते. गळत असेल तर वायसर बदला. गरम पाण्यासाठी ईपीडीएम नावाच्या रबराचा वायसर घ्या, मात्र त्याला पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, तो फुगून खराब होतो. सिलिकॉन ग्रीस चालतं.

ताग पहिल्यांदाच वापरणार असाल तर सुरुवात भिंतीतल्या सांध्यापासून करू नका. बाहेर दिसणारा एखादा पितळी नळ घ्या, बसवा, पाणी सोडा आणि सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा मिळाला, की मिक्सरचे पाय हातात घ्यायला हरकत नाही. तिथेही भिंत बंद करण्याआधी हीच कागदाची परीक्षा घ्या.