टपावरचा अँटेना गळतोय: सिलिकॉन, नवं पॅकिंग की भोकच बंद?

पिकअपच्या केबिनमधल्या दिव्याशी ओला डाग दिसला की पहिला संशय अँटेनावर घ्यावा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाआधीचे तीन महिने टप उन्हात भाजून निघतो आणि खारी हवा तर बारमाही. अँटेनाच्या बुडाखालचं रबरी पॅकिंग कडक होऊन चिरतं. त्यात आंब्याच्या पेट्या भरायला गाडी कलमांच्या बागेत घातली की फांद्या दांडीला मागे ओढतात आणि प्रत्येक झटक्याला बूड एका बाजूनं उचललं जातं. ताडपत्रीची दोरी अडकली तरी तेच.

तरी आधी खात्री करा, कारण पाणी पत्र्याच्या आतून वाहत जाऊन भलतीकडेच ठिबकतं. दिवा काढून एकानं आत बॅटरी धरावी, दुसऱ्यानं बाहेरून पाईपनं पुढच्या काचेच्या रबरापासून हळूहळू वर यावं. पाईप काचेच्या रबरावर असतानाच आत ठिबकलं तर अँटेना निर्दोष. कोरड्या दिवशी, एसी चालू असतानाच पायाशी पाणी येत असेल तर एसीच्या निचऱ्याची नळी तुंबलेली असणार.

बाहेरून सिलिकॉन फिरवणं सगळ्यात स्वस्त. दहा मिनिटांचं काम, गॅरेजवालाही लगेच तयार होतो. पण मी ते कायमची दुरुस्ती म्हणून कुणालाच सुचवणार नाही. जुनं पॅकिंग आत तसंच राहतं, त्यात मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही आणि पत्रा झाकल्या जागी सडतो. शिवाय लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन उघड्या लोखंडाला गंज चढवतं. घ्यायचंच तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. पुढे कधी टप रंगवायचा झाला तर सिलिकॉन लागलेल्या जागी रंग धरत नाही, हे कुठलाही पेंटर सांगेल. एपॉक्सी पुटी तर नकोच. ती दगडासारखी होते आणि पत्रा हादरला की तडकते.

अँटेना उतरवून नवं पॅकिंग घालणं हा माझ्या मते खरा उपाय. सुटा भाग स्वस्त असतो, पैसे मजुरीला जातात. बऱ्याच गाड्यांत दिव्याच्या जागेतून हात घालून नट सुटतो. नाहीतर टपाचं अस्तर खाली घ्यावं लागतं. ते वाकवू नका, सुरकुती पडली की जात नाही. बूड निघालं की भोकाची कड नखानं खरवडून बघा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत रंग तिथे फुगलेला असतो आणि खालून तपकिरी पापुद्रे निघतात. खरं काम हेच: गंज खालचा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा, झिंक प्रायमर, मग टचअप रंग, नीट वाळू द्यायचा. आतल्या बाजूनं मात्र नट टेकतो तेवढा पत्रा उघडा आणि स्वच्छ ठेवा. अँटेनाला अर्थिंग तिथूनच मिळतं, ते गेलं की रेडिओ खरखरतो. नट बेतानं आवळा. फार आवळला की रबर बाहेर फुगतं आणि पुन्हा फट पडते. तयार पॅकिंग मिळत नसेल तर ब्युटाईल टेप (चिकट रबरी पट्टी) चालते. ती मऊच राहते, म्हणून झटके सोसते.

रेडिओ लावतच नसाल, गाणी मोबाईलवरच ऐकत असाल, तर अँटेना काढून भोकाला रबरी बूच आणि खालून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावा. गळतीचं कारणच संपतं आणि फांद्यांचीही काळजी नाही. पण गंज आधी काढावाच लागतो, त्यातून सुटका नाही. मासळीची गाडी पहाटे मिरकरवाडा किंवा हर्णै बंदराला नेणारे रेडिओवर हवामान ऐकत असतील तर त्यांनी अँटेना ठेवावा.

मे महिना हाताशी असेल तर दुसरा, नव्या पॅकिंगचा पर्याय घ्या, आणि दांडी स्क्रूची असेल तर कलमांत शिरण्याआधी उतरवत जा. ऐन जुलैत गळायला लागला तर रंग वाळायला उघडीप मिळत नाही. तेव्हा बूड कोरडं पुसून न्यूट्रल सिलिकॉनचा पातळ थर द्या, अस्तराचा ओला भाग सुटा करून वारा लागू द्या, डॅशबोर्डखालच्या फ्यूजच्या पेटीत पाणी उतरलं नाही ना ते तपासा आणि पाऊस सरताच तो थर ब्लेडनं काढून सगळं उघडा.