मँचेस्टर विद्यापीठाची ‘अकॅडमिक फ्रेजबँक’: इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

मराठी माध्यमातून शिकलेल्या, पण पीएच.डी.चा प्रबंध इंग्रजीत लिहावा लागणाऱ्या विद्यार्थ्यापुढील खरी अडचण बहुधा व्याकरणाची नसते. विषय त्याला कळलेला असतो, निष्कर्ष हाती असतात. मात्र ते संशोधनाच्या रूढ भाषेत कसे मांडावेत, हे कोणी शिकवलेले नसते. मँचेस्टर विद्यापीठातील जॉन मॉर्ली यांनी सिद्ध केलेली ‘अकॅडमिक फ्रेजबँक’, म्हणजे संशोधनलेखनात वापरता येतील अशा तयार इंग्रजी वाक्यरचनांचा संग्रह, नेमकी येथे उपयोगी पडते. संकेतस्थळावर ती कोणालाही विनामूल्य पाहता येते.

या संग्रहाची सुरुवात त्याच विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या १०० प्रबंधांवरून झाली, त्यामुळे त्यातील वाक्यरचना प्रत्यक्ष संशोधनलेखनातून आलेल्या आहेत. विषयप्रवेश, संदर्भांचा उल्लेख, पद्धती, निष्कर्ष, चर्चा आणि समारोप अशी तिची मांडणी प्रबंधाच्या क्रमानेच जाते.

माझ्या मते तिचे सर्वांत मोलाचे विभाग दोन आहेत. आपल्याकडील पूर्वसंशोधनाचे प्रकरण पुष्कळदा ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ एवढ्यावरच थांबते. टीकात्मक लेखनाचा विभाग मात्र आधीच्या अभ्यासाची पद्धत, नमुना किंवा सिद्धान्त कोठे अपुरा पडतो हे आदर राखून कसे सांगावे, ते दाखवतो. दुसरा विभाग सावध विधानांचा. ‘सिद्ध होते’ असे ठामपणे लिहिण्याची सवय लागलेल्याला ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘लाइकली’ या शब्दांनी पुराव्याच्या वजनाइतकेच विधान कसे करता येते, हे येथे उमजते.

अशा रचना वापरणे म्हणजे वाङ्मयचौर्य होईल, ही भीती अनेकांना वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि सलग १४ शब्दांपर्यंतच्या सर्वसामान्य वा योगायोगाने जुळणाऱ्या शब्दयोजना साम्यातून वगळल्या जातात. फ्रेजबँकेतील चौकटी बहुतेक त्याहून लहान आणि विषयनिरपेक्ष आहेत. त्यांत भरायचा विचार मात्र स्वतःचाच हवा.

मर्यादाही स्पष्ट आहे. एकाच कामासाठी दिलेल्या अनेक रचनांपैकी आपल्या विधानाला कोणती पेलेल, हे नवख्याला सहज ठरवता येत नाही, आणि मुळात युक्तिवाद टिकतो की नाही हे कोणतीही यादी सांगू शकत नाही. त्यासाठी समोर बसून ‘तुमचे म्हणणे नेमके काय आहे?’ असे विचारणारा वाचक लागतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांची लेखन केंद्रे हे काम करतात. आपल्याकडे ती व्यवस्था अजून रुजलेली नाही. म्हणून पहिला कच्चा खर्डा स्वतःच्या शब्दांत पुरा करावा, मार्गदर्शकांशी त्यावर चर्चा करावी आणि मगच फ्रेजबँक उघडावी, असे मी सुचवेन.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी असा संग्रह माझ्या पाहण्यात नाही. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ऑनलाइन भांडार असलेल्या शोधगंगेवर मराठी प्रबंध उपलब्ध आहेत. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने त्यांतून असा संग्रह करायला घ्यावा.