कोनांसाठी स्केचपॅड की जिओजेब्रा?

जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर घेतलेल्या माझ्या पहिल्याच तासाला त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 900 आली. सातवीचा वर्ग, प्रोजेक्टर चालू, आणि पडद्यावर 290, 300, 310. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पुस्तकात 180 आहे."

त्याआधी बरीच वर्षं मी स्केचपॅड हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरत होतो, त्यामुळे असं काही होऊ शकतं हेच डोक्यात नव्हतं. लॅबमधलं जुनं स्केचपॅड तसंच ठेवावं की सगळं जिओजेब्रावर न्यावं, असं आसपासच्या शाळांतले शिक्षक अधूनमधून विचारतात. किंमत, इन्स्टॉलेशन वगैरे तुम्हाला माहीत असेलच. मी कोनांपुरतंच बोलतो, माझं मत तिथेच बदललं.

स्केचपॅडमध्ये तीन बिंदू निवडायचे, शिरोबिंदू मधला हवा, मग मेन्यूतून माप घ्यायचं. ए-बी-सी घ्या नाहीतर सी-बी-ए, उत्तर तेच. आपल्या कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं ते वागतं: दोन किरण, त्यांच्यातलं अंतर, 0 ते 180. माप मात्र कोनाजवळ न येता पडद्याच्या कोपऱ्यात येऊन बसतं. चार कोन मोजले की कुठलं माप कुणाचं हे मुलांना शोधावं लागतं. पण हे किरकोळ आहे, ओढून जागेवर आणता येतं.

जिओजेब्राला कोन म्हणजे फिरणं, 0 ते 360. पहिल्या बाजूपासून दुसरीपर्यंत, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. मी तिन्ही ठिकाणी बिंदू उलट क्रमाने क्लिक केले होते, म्हणून 70 चा 290 झाला, 60 चा 300, 50 चा 310. उपाय सोपा आहे. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन मर्यादा 0 ते 180 करायची. किंवा त्रिकोणच घड्याळाच्या उलट दिशेने काढायचा आणि कोनाचं टूल घेऊन आत क्लिक करायचं, तिन्ही मापं एकदम मिळतात. पण मर्यादा न बदलता एखादा शिरोबिंदू समोरच्या बाजूपलीकडे ओढलात, तर 180 चे पुन्हा 900 होतात.

दिलेल्या मापाचा कोन काढायला दोन्ही ठीक. स्केचपॅडमध्ये केंद्रावर डबल क्लिक करून बिंदू फिरवायचा, जिओजेब्रात त्यासाठी वेगळं टूलच आहे. तिथे एक सांभाळा. स्लायडर (सरकवून किंमत बदलायची पट्टी) बनवताना 'कोन' ऐवजी 'संख्या' हा प्रकार राहिला आणि 45 घेतले, तर ते 45 रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) समजतं. पडद्यावर 58.31 अंश येतात आणि तुम्ही दहा मिनिटं आपलीच आकृती तपासत बसता. मी बसलोय.

इथवर वाचून स्केचपॅडच बरं, असं वाटलं असेल. मलाही वाटत होतं, दहावीचं 'वर्तुळ' प्रकरण येईपर्यंत.

आंतरलिखित कोन (शिरोबिंदू वर्तुळावर) आणि त्याच कंसाचा केंद्रीय कोन (शिरोबिंदू केंद्रावर), दोन्ही स्केचपॅडमध्ये मोजलेले. नियम असा, की केंद्रीय कोन आंतरलिखित कोनाच्या दुप्पट. कंसाचं एक टोक हळूहळू ओढत होतो: 80 आणि 160, 85 आणि 170, 88 आणि 176. मुलं खूश, दुप्पट दिसतंय. 90 आणि 180. आणखी थोडं ओढलं तर 93 आणि 174! केंद्रीय कोन 180 ला टेकून माघारी फिरला. स्केचपॅडचं गणित चुकलं नव्हतं, त्याच्या दृष्टीने प्रविशाल कोन (180 पेक्षा मोठा) हा कोनच नव्हे. पण ज्या क्षणी नियम विशालकोनालाही लागू पडतो हे दाखवायचं, नेमक्या त्याच क्षणी पडदा नियम मोडल्याचं दाखवतो. जिओजेब्रात तीच आकृती, 93 आणि 186. सातवीत ज्या 360 च्या सवयीने माझी फजिती केली, तीच इथे कामाला आली.

स्केचपॅडवर अन्याय नको. त्यात कंस काढून त्याचं माप वेगळं घेता येतं आणि ते 180 च्या पुढे जातं. प्रमेयातही शब्द कंसाचाच आहे, तेव्हा कुणी म्हणेल हीच खरी रीत. पण त्यासाठी आकृती आधीपासून तशी बांधून ठेवावी लागते, मुलाने मधेच "सर, अजून ओढा ना" म्हटलं की सुचत नाही. जिओजेब्राही साधं नाही. आंतरलिखित कोनाचा शिरोबिंदू दुसऱ्या कंसावर नेलात तर 50 चा 130 न होता 230 होतो, आणि केंद्रीय कोन 100 वरच बसून राहतो. तिथे पुन्हा मर्यादा बदला, केंद्रीय कोन उलट क्रमाने मोजा. तरी माझ्या अनुभवात जिओजेब्राची खोड 290 सारखा आकडा दाखवून लगेच ओरडते. स्केचपॅडचा 174 अगदी साळसूद दिसतो, एखादं मूल तो वहीत उतरवूनही घेतं.

तुम्ही सातवी-आठवीपर्यंतच शिकवत असाल आणि स्केचपॅड नीट चालत असेल, तर घाई नको. आमच्या लॅबमध्येही एका मशीनवर ते अजून आहे, खालच्या वर्गांसाठी म्हणून ठेवलेलं. शेवटचं कधी उघडलं ते मात्र आठवत नाही.