फणसासारखे धरणारे फळ : कोलोनचे चॉकलेट संग्रहालय

जर्मनीतील कोलोन शहराच्या कॅथीड्रलपासून ऱ्हाईन नदीच्या काठाने दक्षिणेकडे वीसेक मिनिटे चालत गेले, की एक जुना फिरता पूल लागतो. तो ओलांडल्यावर नदीत पुढे आलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर काच आणि पोलाद वापरून बांधलेली, जहाजाच्या नाळेसारखी दिसणारी चॉकलेट संग्रहालयाची इमारत उभी आहे. कोलोनचे उद्योजक हान्स इमहॉफ यांनी हे संग्रहालय १९९३ साली सुरू केले. १८३९ मध्ये स्थापन झालेली श्टॉलवेर्क ही शहरातील नामांकित चॉकलेट कंपनी त्यांनी १९७२ मध्ये ताब्यात घेतली होती, आणि जुना कारखाना हलवताना अडगळीत निघालेली यंत्रे व वेष्टने टाकून न देता त्यांनी जपून ठेवली. २००६ मध्ये लिंट ही स्विस चॉकलेट कंपनी या संग्रहालयाची भागीदार झाली. राजापूरहून माझ्याकडे आलेल्या आईला घेऊन मी तेथे गेले, आणि दोन तासांत पाहून होईल असे वाटलेल्या या ठिकाणी आमचा जवळजवळ संपूर्ण दिवस गेला.

सर्वांत आधी सांगायला हवे ते तेथील काचगृहाविषयी. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे १० मीटर असलेल्या या काचेच्या खोलीत उष्ण प्रदेशातील दमट हवा राखून, ज्याच्या बियांपासून चॉकलेट बनते ते कोकोचे झाड वाढवलेले आहे. दार उघडताच चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर कोकणातल्या जुलै महिन्यात पाऊल टाकल्यासारखे वाटते. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. त्याची फुले आणि फळे कोवळ्या फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात. आई झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाली, “अगं, हे तर फणसासारखंच धरतं!” माहितीफलकावरील कोणत्याही वाक्यापेक्षा मला ते वर्णन अधिक नेमके वाटले. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे हे झाड आपल्याकडेही केरळ, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात नारळ-सुपारीच्या बागांमध्ये आंतरपीक म्हणून लावतात.

एका फळात साधारण ३० ते ४० बिया असतात आणि त्यांच्याभोवती आंबटगोड पांढरा गर असतो. ताजी बी चावून पाहिली तर ती कडू आणि तुरट लागते. चॉकलेटचा वासही तिला येत नाही. संग्रहालयातील मांडणी पाहताना मला जे सर्वाधिक महत्त्वाचे वाटले ते येथेच आहे : चॉकलेटच्या चवीचा पाया कारखान्यात नव्हे, तर शेतात घातला जातो. फळे फोडून बिया गरासकट काढतात, त्यांचा ढीग रचून तो केळीच्या पानांनी झाकतात आणि पाच-सात दिवस आंबू देतात. गरातील साखरेवर आधी यीस्ट आणि मग जिवाणू काम करतात, ढिगाचे तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत चढते, बियांमधील अंकुर मरतो, जांभळट गर्भ तपकिरी होऊ लागतो, आणि पुढे भाजताना ज्यांच्यापासून चॉकलेटचा सुगंध तयार होणार असतो ती द्रव्ये याच काळात बीमध्ये निर्माण होतात. आंबवणे बिघडले तर पुढचे कोणतेही उत्तम यंत्र ती चव परत आणू शकत नाही. म्हणजे ज्या कौशल्याचे श्रेय आपण वेष्टनावरच्या नावाला देतो, त्याचा मोठा वाटा पश्चिम आफ्रिकेतील घाना किंवा कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) येथील एखाद्या लहान शेतकरी कुटुंबाचा असतो.

जगातील निम्म्याहून अधिक कोको आज याच दोन देशांत पिकतो, आणि तरीही हे झाड आफ्रिकेचे नाही. घानामध्ये टेटे क्वार्शी यांनी १८७९ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील फर्नांडो पो बेटावरून बिया आणून लागवड केली, अशी नोंद आहे. लागवड आणि व्यापार यांविषयीचा भाग घाईने ओलांडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार थांबवण्याचा करार चॉकलेट उद्योगाने २००१ मध्ये अमेरिकेत केला, पण कोकोच्या शेतांतील मुलांची मजुरी अजून संपलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरांच्या वर गेला, तेव्हाही घाना आणि कोत दिव्वारमध्ये शेतकऱ्याला मिळणारा दर सरकारने हंगामाआधीच ठरवलेला होता. हे समजल्यावर हातातल्या चॉकलेटच्या वडीकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही, आणि तसे पाहूही नये.

इतिहासाचा विभाग प्रशस्त आहे. इक्वाडोरमध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांवर कोकोचे अंश सापडले आहेत. मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोक कोकोचे फेसाळ पेय पीत, आणि मेक्सिकोतील ॲझ्टेक राज्यात बिया चलन म्हणून चालत. साखर घातलेले गरम पेय ही युरोपने नंतर लावलेली सवय आहे, आणि त्या काळातील चिनी मातीचे व चांदीचे सुंदर पेले येथे पाहायला मिळतात. घट्ट, खाण्याचे चॉकलेट तर फारच अलीकडचे : नेदरलँड्समधील फान हाउटेन यांनी १८२८ मध्ये कोकोतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, इंग्लंडमधील फ्राय कंपनीने १८४७ मध्ये चॉकलेटची वडी तयार केली, स्वित्झर्लंडमध्ये दानिएल पेटर यांनी १८७५ मध्ये दुधाचे चॉकलेट बनवले आणि रोडोल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये ते तासन्‌तास घोटून मऊ करण्याची रीत आणली. श्टॉलवेर्क कंपनीने १९०३ मध्ये चॉकलेटच्या तबकड्या वाजवणारा लहान मुलांचा फोनोग्राफ काढला होता, हे मला मुलांना सांगण्यासारखे वाटते.

काचेआड चालणाऱ्या छोट्या कारखान्यासमोर आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. कोकोचे लोणी, म्हणजे बियांतील स्निग्धांश, सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते, आणि त्यांपैकी पाचव्या प्रकारामुळेच चॉकलेटला चकाकी येते, ते मोडताना कट्‌ असा आवाज येतो आणि ते साधारण ३४ अंशांवर, म्हणजे तोंडात गेल्यावर, विरघळते. त्यासाठी चॉकलेट ठरावीक तापमानाला आणून पुन्हा किंचित तापवावे लागते. उन्हाळ्यात वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर जो पांढुरका थर येतो तो बुरशीचा नसतो; स्निग्धांशाचे स्फटिक बदलून वर आल्यामुळे तो दिसतो.

येथे एक गोष्ट राजापूरशी जोडणारी आहे. कोको आणि कोकम ही दोन वेगळी झाडे, पण युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याखेरीज पाच टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतींची स्निग्धद्रव्ये वापरता येतात, त्यांत सालवृक्ष आणि आंब्याची कोय यांच्याबरोबर कोकमही आहे. टाचांच्या भेगांना लावायचे आपले कोकमतेल सामान्य तापमानाला घट्ट राहते, त्याचे कारण त्याची घडण बरीचशी कोकोच्या लोण्यासारखी आहे. आईला हे सांगितल्यावर तिने तेथील दुकानातल्या प्रत्येक वेष्टनावरील घटकांची यादी मला मोठ्याने वाचायला लावली. वाचकांनीही ही सवय लावून घ्यावी. यादीत कोकोचे लोणी नसून केवळ वनस्पती तेल असेल, तर ती वस्तू चॉकलेटसारखी दिसते इतकेच.

मुलांची खरी गर्दी तीन मीटर उंचीच्या कारंज्याभोवती असते. त्यात सुमारे २०० किलो पातळ चॉकलेट फिरत असते आणि तेथील कर्मचारी त्यात बुडवलेला वेफर प्रत्येकाच्या हातात देतात. तो खाल्ल्यावर आम्ही बाहेर न पडता पुन्हा काचगृहात गेलो. पहिल्या वेळी आम्हाला न दिसलेले एक फूल खोडाला चिकटून उमलले होते, पांढरट, नखाएवढे. जंगलात चिलटाएवढे बारीक कीटक या फुलांचे परागण करतात, आणि ते झाले नाही तर फूल एक-दोन दिवसांत गळून पडते. आईने वाकून खाली पाहिले, तर मातीवर तशी तीन-चार फुले पडलेली होती.