सांगलीच्या पेठेत बांधून घेतलेली स्केचची वही: रोज काढणाऱ्यांनी एकदा बघाच

रोज एक स्केच करायचं ठरवलं की पेन कुठलं घ्यावं, रंग कुठले घ्यावेत हे सगळेजण सांगतात, पण वहीच्या बांधणीबद्दल कोण बोलत नाही. माझं मत विचाराल तर सवय टिकवायची असेल तर आधी बांधणी बघा, बाकी सगळं नंतर. म्हणून हा रिव्ह्यू सांगलीतल्या एका बाइंडिंगच्या दुकानाचा. गणपती पेठेच्या बाजूला आतल्या गल्लीत आहे, बोर्ड असा धड नाहीच, बाहेर लाल कापडी चोपड्यांची थप्पी दिसली की समजायचं हेच.

हे लोक मूळचे व्यापाऱ्यांच्या वह्या बांधणारे. हळद, गूळ, बेदाण्याच्या अडत दुकानांत हातानं रोजमेळ लिहिणारे अजून आहेत, आणि ती वही वर्षभर रोज दहा वेळा उघडली जाते, मिटली जाते, कोण तिच्यावर कोपर टेकतं, कोण चहाचा कप ठेवतं, तरी पान सुटता कामा नये कारण पान सुटलं की हिशेब गेला. स्केच करणाऱ्याला हेच पाहिजे असतं की! बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्केचबुकांना नुसता मागून हॉट ग्लू लावलेला असतो, चार-सहा वेळा पूर्ण उघडली की पाठ कडकन मोडते आणि पानं गळायला लागतात. मी ऑनलाइन मागवलेली एक महागडी वही अशीच गेली, निम्मी भरायच्या आत.

इथं जुजबंदी करून देतात, म्हणजे कापलेले चार-चार कागद एकात एक घडी घालून त्याचा एक जुज, आणि प्रत्येक जुज मधोमध दोऱ्यानं शिवून पुढच्याला जोडायचा. दुकानातले काका दोरा आधी मेणाच्या तुकड्यावरून ओढून घेतात, मग सुई घडीतून आत, फितीवरून वळसा, परत आत, हात इतका सवयीचा की बोलता बोलता शिवण चालू. खळ मैद्याची, घरीच शिजवलेली, त्यात चिमूटभर मोरचूद घालतात म्हणजे कसर लागत नाही. मग वही रात्रभर शिकंज्यात, म्हणजे दाबून ठेवायच्या यंत्रात. दुसऱ्या दिवशी उघडली तर कुठल्याही पानावर टेबलावर सपाट पडते, अंगठ्यानं दाबून धरायला नको.

कागद आपला आपण न्यायचा. मी १५० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचे) कार्ट्रिजचे, म्हणजे ड्रॉइंगच्या जाडसर कागदाचे, मोठे ताव नेते, २२ बाय ३० इंचाचे. एका तावाचे साडेपाच बाय पंधराचे आठ तुकडे निघतात, कागद अजिबात वाया जात नाही, ते मधे दुमडले की साडेसात इंच रुंद आडवी वही होते. तीन तावांत सहा जुज, ९६ बाजू. मजुरी आणि कागद मिळून चांगल्या ब्रँडेड वहीच्या निम्म्यात काम होतं.

आडवीच घ्या असं मी आग्रहानं सांगेन. घरात काढायला उभी चालते, कुकरची शिट्टी, अडकित्ता, भडंगाचा पुडा, दारातल्या चपला, काही अडत नाही. पण बाहेर पडलात की सांगलीत सगळं आडवंच आहे हो! इर्विन पूल (१९२९ चा आहे तो) नदीकाठच्या घाटावर बसून काढायचा तर दोन पानं मिळून पंधरा इंच लागतातच, आणि मधली शिवण सपाट असली की कमानींची ओळ या पानावरून त्या पानावर न तुटता जाते. हरिपूरच्या रस्त्यावरची चिंचेची झाडं, पुढं संगमावर कृष्णेत वारणा मिळते ती जागा, सगळं तसंच. मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत मात्र तंबोरा काढायला मी वही फिरवून उभी धरते, खाली भोपळा आणि वर लांब दांडी, दोन्ही पानं पूर्ण वापरता येतात. तिथले कारागीर काम करत असतात, त्यांना विचारून बसा. भोपळ्याची गोलाई कागदावर पकडणं लै अवघड आहे, एका बैठकीत येत नाही, परत परत जावं लागतं आणि जावंच.

आता उणिवा. या कागदावर पेन आणि हलका वॉटरकलर मस्त चालतो पण पाणी जास्त झालं की पान वेटोळं होतं आणि ब्रश घासत बसलात तर वरचा थर सुटून बारीक गोळ्या येतात. ज्यांना भरपूर रंगवायचंय त्यांनी ३०० जीएसएमचा कागद न्यावा, मग पानं कमी बसतील आणि एका जुजात दोनच कागद घालायला सांगा. पेनात पिगमेंटवाली वॉटरप्रूफ शाई पाहिजे, साध्या शाईवर ओला ब्रश फिरवला की रेघा पसरतात, त्यात वहीचा दोष नाही. इलॅस्टिक नाही, खिसा नाही, मी वहीला रबर लावते. कडा कटिंग मशीनवर मारतात त्या कधीकधी एक-दोन मिलीमीटर तिरक्या येतात, मला चालतं, टापटिपीच्या लोकांना खटकेल.

मार्चएंडला आणि दिवाळीच्या आधी जाऊ नका. पाडव्याच्या वहीपूजनाच्या ऑर्डरी असतात तेव्हा, काका तोंड वर करून बघत पण नाहीत आणि ते बरोबरच आहे त्यांचं. एरवी आठवड्यात वही मिळते. दुपारी दोन ते चार दुकान बंद. ताव गुंडाळून नेलेत तर आदल्या रात्री जड काहीतरी ठेवून सपाट करून न्या, आणि कापायच्या आधी "काका, आडवी पाहिजे" हे दोनदा सांगा, चोपडी उभी असते त्यामुळं हात आपोआप उभ्याकडं जातो त्यांचा.