स्पेक्ट्रम, कमोडोर की बीबीसी मायक्रो? खोक्याआधी अ‍ॅडॉप्टर बघा

जुना घरगुती संगणक घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘यातला भारी कुठला?’ झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर 64 आणि बीबीसी मायक्रो यांच्यावरून 1983 साली इंग्लंडातली शाळकरी पोरं भांडायची, आज तीच मंडळी साठीकडे झुकलेली असताना भांडतात. घेणाऱ्याला त्या भांडणाचा उपयोग शून्य. खोकं घरी आणल्यावर घोडं तीन ठिकाणी अडतं: वीज, पडदा आणि सॉफ्टवेअर आत नेणं. निवड तिथेच करायची.

आपल्याकडे तिघांची वाटही वेगळी. स्पेक्ट्रम डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम+’ नावाने भारतात विकला, त्यामुळे तो अजून एखाद्या माळ्यावरून खाली येतो. बीबीसी मायक्रो आला तो सरकारी वाटेने. 1984-85 मध्ये शाळांत संगणक शिकवायच्या ‘क्लास’ प्रकल्पात सुरुवातीला अडीचशे शाळांना ही यंत्रं मिळाली, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याचीच देशी आवृत्ती ‘युनिकॉर्न’ काढली. कमोडोर मात्र मी पाहिले ते सगळे कुणाच्या तरी मामाच्या बॅगेतून आलेले. मामा अमेरिकेचा असेल तर ती वेगळीच कटकट, तिच्याकडे येतोच.

आधी वीज. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट डीसी लागतात, पण पिनच्या आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या बरोबर उलटे. मी हा गाढवपणा स्वतः करून बसलोय: राउटरचा अ‍ॅडॉप्टर, 9 व्होल्टच, पिनही घट्ट बसली. एक ट्रान्झिस्टर गेला आणि खालच्या 16 केच्या रॅममधल्या दोन चिपा घेऊन गेला. त्या जुन्या 4116 चिपांना +5, +12 आणि −5 असे तीन व्होल्टेज लागतात, त्यातलं −5 हरवलं की त्या तग धरत नाहीत. सुदैवाने दुरुस्ती आवाक्यातली होती. ट्रान्झिस्टर पुण्याच्या तपकीर गल्लीजवळ मिळाला, चिपा ऑनलाइन मागवल्या, आणि एका रविवारात काम झालं.

कमोडोरची वीट, म्हणजे त्याचा बाहेरचा पॉवर सप्लाय, जास्त धोकादायक, कारण ती आधी काहीच दाखवत नाही. तिच्यातून 5 व्होल्ट डीसी आणि 9 व्होल्ट एसी असे दोन पुरवठे निघतात. आतला रेग्युलेटर म्हातारा झाला की 5 चे वाढत जातात आणि रॅम भाजून निघते. पुष्कळ विटा रेझिनने भरून बंद केलेल्या असल्याने उघडून दुरुस्त करायचीही सोय नाही. आज मल्टीमीटरवर बरोबर आकडा दिसला म्हणून तासाभराने गरम झाल्यावर तो तसाच राहील असं नाही. कमोडोर घेणार असाल तर नव्या पॉवर सप्लायचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा, आणि जुनी वीट शोभेला ठेवा.

बीबीसीचा पुरवठा खोक्याच्या आतच असतो, म्हणजे वायरीचा घोळ नाही. पण त्यात मेन्सच्या बाजूला पिवळसर पारदर्शक आवरणाचे दोन कपॅसिटर असतात. त्यांना काळानुसार बारीक तडे जातात, ओलावा आत शिरतो, आणि चालू केल्यावर काही मिनिटांत फट् होऊन खोलीभर घाण वासाचा धूर. यंत्र सहसा वाचतं, शेजारी मात्र विचारायला येतात. त्यामुळे बीबीसी आधी उघडायचा, कपॅसिटर बदलायचे, मग प्लग लावायचा. दुकानात ‘एक्स 2’ दर्जाचाच मागा, नुसता 0.1 मायक्रोफॅरड नको. वायर काढल्यावरही आत चार्ज राहतो, तेव्हा मेन्सची सवय नसेल तर हे काम टीव्हीवाल्या मेकॅनिककडून करून घ्या.

पडद्याचं थोडक्यात. स्पेक्ट्रम टीव्हीच्या यूएचएफ 36 नंबरच्या चॅनेलवर दिसतो. मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र चॅनेलवर चढवणाऱ्या डबीच्या, आत दोन तारा हलवल्या की त्याच सॉकेटातून कॉम्पोझिट (टीव्हीच्या पिवळ्या व्हिडिओ सॉकेटात जाणारा सिग्नल) मिळतं, दहा मिनिटांचं सोल्डरिंग. कमोडोर डिन केबलने सरळ कॉम्पोझिट देतो. बीबीसीची कॉम्पोझिट बाजू मुळात कृष्णधवल असते, रंगासाठी आत एक जोड द्यावा लागतो किंवा आरजीबीचा (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा) मार्ग धरावा लागतो. आता तो अमेरिकेचा मामा: तिकडचा कमोडोर 120 व्होल्टचा आणि एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीचा. वीज ट्रान्सफॉर्मरने सांभाळता येते, पण युरोपात पाल या तिथल्या टीव्ही पद्धतीच्या यंत्रासाठी लिहिलेले कितीतरी गेम त्याच्यावर वेगाने पळतात किंवा अर्ध्यात मान टाकतात. फुकट मिळत असला तरी मी दोनदा विचार करीन.

खरी मजा सॉफ्टवेअरमध्ये, आणि इथे स्पेक्ट्रम बाजी मारतो. कॅसेट नको, प्लेयर नको, मोबाइल पुरतो. टेपची फाइल आवाजात बदलणारं अ‍ॅप घ्यायचं, हेडफोनच्या भोकातून वायर काढून स्पेक्ट्रमच्या ‘इअर’मध्ये घालायची. ‘जे’ दाबलं की अख्खा ‘लोड’ शब्द उमटतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा ‘पी’, की दोन अवतरणचिन्हं. एंटर. कडेला लाल-आकाशी जाड पट्टे धावायला लागले की समजायचं सूर जुळला, मग निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे माल आत चाललाय. 48 केचा गेम पाचेक मिनिटं घेतो. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा, इक्वलायझर बंद, ब्लूटूथचा विचारही नको. आणि फोन विमान मोडवर टाका. चौथ्या मिनिटाला फॅमिली ग्रुपवर ‘शुभ सकाळ’ आलं, टुंग वाजलं, की ‘टेप लोडिंग एरर’. पुन्हा पहिल्यापासून. याचा वैताग आला की डिव्हएमएमसी नावाचं कार्ड मागे लावायचं, मग सगळा संग्रह एका एसडी कार्डवर. इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकात जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळायचं तर कायद्याची बाजूही बरीचशी सोपी आहे: 1986 मध्ये स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय घेतलेल्या अ‍ॅमस्ट्रॅडने 1999 मध्ये इम्युलेटरबरोबर रॉम (यंत्राचा आतला मूळ प्रोग्राम) वाटायला परवानगी दिली.

कमोडोरचा 1541 फ्लॉपी ड्राइव्ह म्हणजे सबुरीची परीक्षा, सेकंदाला जेमतेम 400 बाइट. त्याऐवजी एसडी कार्ड वाचणारं एसडी2आयईसी स्वस्त पडतं, पण मर्यादा समजून घ्या. 1541 च्या पोटात स्वतःचा प्रोसेसर असतो आणि बऱ्याच गेमचे फास्टलोडर (माल लवकर आत नेणारे प्रोग्राम) त्यालाच कामाला लावतात. एसडी2आयईसी ती नक्कल पूर्ण करत नाही, म्हणून असे बरेच गेम चालत नाहीत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा पाय1541 करतो. आवाजासाठी मात्र कमोडोरला तोड नाही. आवाज काढणारी त्याची सिड चिप आता बनत नाही, हेही घेताना लक्षात असू द्या.

बीबीसीत एसडी कार्ड यूजर पोर्टला लागतं, पण त्याआधी कार्ड वाचणाऱ्या एमएमएफएस प्रोग्रामचा रॉम इप्रॉम नावाच्या चिपमध्ये भरून मदरबोर्डच्या सॉकेटात बसवावा लागतो. ते एकदा झालं की शिफ्ट धरून ब्रेक दाबा, सुरू. डिस्कची व्यवस्था मेमरीचा एक तुकडा खाते, त्यामुळे टेपसाठी लिहिलेले काही मोठे गेम मावेनासे होतात. गेम हा तसाही बीबीसीचा पिंड नव्हे. शिकायचं, शिकवायचं असेल तर त्याचं बेसिक (प्रोग्रामिंगची भाषा) तिघांत उजवं: नावाची प्रोसीजर लिहिता येते, आतच असेंबलर आहे, कीबोर्ड खरा. स्पेक्ट्रमवर मी एकदा देवनागरी उमटवायचा घाट घातला होता, पण स्वतः काढायच्या अक्षरांना तिथे 21 घरं, आणि आपली मुळाक्षरं त्यात कुठली बसतात!

माझं मत विचाराल तर पहिलंच यंत्र असेल तर स्पेक्ट्रम, प्लस मिळाला तर उत्तम. मेंब्रेन, म्हणजे कीबोर्डखालची प्लास्टिकची पातळ पट्टी, रबरी कीबोर्डवाल्याचा काय नि प्लसचा काय, कोरडा पडून तुटतो, नवा मिळतो, पण ते आणखी एक काम. शाळेच्या अडगळीतला बीबीसी मिळत असेल आणि हातात सोल्डरिंग गन धरता येत असेल तर तो सोडू नका. कमोडोर दुसऱ्या खेपेला. मन अजून ठरत नसेल तर फ्यूज, व्हाइस आणि बीबएम हे तिघांचे इम्युलेटर फुकट आहेत, आठवडाभर तेच वापरून बघा.

बघायला जाताना मल्टीमीटर, ध्रुवता बदलता येणारा अ‍ॅडॉप्टर आणि एक छोटा जुना टीव्ही बरोबर न्या. ‘चालू आहे हो, फक्त टीव्ही नसल्यामुळे दाखवता येत नाही’ म्हणणारा विक्रेता भेटला की टीव्ही गाडीतून वर आणा, आणि त्याचा चेहरा बघा.